निवडणूक आली की रझाकार का येतात?

(नांदेड येथे झालेल्या युवा शिबिरातल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला 'निवडणूक आणि हिंसा'. तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, मास्तर आता बंगाल-बिहारचं सांगणार. बूथ ताब्यात घेतले, बॉम्ब फेकले, पेट्या पळवल्या. तसलं आपल्याकडे फार होत नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो, त्यामुळे लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत ड्युटी लागायची. निलंगा, औसा, उदगीर, अहमदपूर, कुठे कुठे पेट्या घेऊन गेलो, पुढे यंत्रं घेऊन गेलो. मी केंद्राध्यक्ष असलेल्या एकाही केंद्रावर कुणी कुणाला मारलं नाही. तरी मी हा विषय घेतला. मतदानाच्या दिवशी केंद्रावर जी शांतता असते, ती काही ठिकाणी खरंच शांतता असते आणि काही ठिकाणी आधीच्या पंधरा दिवसांत काम उरकलेलं असतं.

२०२४ मध्ये २६ एप्रिलला नांदेड लोकसभेचं मतदान होतं. बिलोली तालुक्यातल्या एका गावात एका तरुणाने कुऱ्हाडीने मतदान यंत्र फोडलं. सगळ्या वाहिन्यांवर तेच. दुसरं यंत्र आलं, मतदान पुढे सुरू झालं. कुऱ्हाड दिसते, म्हणून तिची बातमी होते. पण कुणी मत द्यायला घरातून निघालाच नाही, कुणी भरलेला अर्ज मागे घेतला, कुणी पोलिंग एजंट व्हायला 'नको बाबा' म्हणाला, तर त्याची बातमी होत नाही. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आपल्या भागात ही भीती तयार करायला फार खर्च येत नाही. एक शब्द पुरतो. रझाकार.

२०२४ च्या विधानसभा प्रचारात, १२ नोव्हेंबरला, उत्तर प्रदेशचे मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूरला बोलले. काँग्रेसचे अध्यक्ष मल्लिकार्जुन खरगे यांचं वरवट्टी गाव निजामाच्या रझाकारांनी जाळलं, त्यात त्यांच्या घरची माणसं गेली, आणि मुसलमानांची मतं जातील म्हणून खरगे हे बोलत नाहीत, असं ते म्हणाले. वरवट्टी बिदर जिल्ह्यात भालकी तालुक्यात आहे, उदगीरकरांना तो रस्ता माहीत आहे. घटना खरी आहे. खरगे तेव्हा लहान मूल होते, त्यांची आई त्या आगीत गेली. त्यांचा मुलगा प्रियांक खरगे यांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं की होय, हे रझाकारांनी केलं, सगळ्या मुस्लिम समाजाने नाही. ज्याच्या आजीला जाळलं तो हे म्हणतो आहे, हे लक्षात ठेवा. आणि एक गंमत बघा. अचलपूरचा कारभार १९४८ साली निजामाकडे नव्हताच, ते मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं. म्हणजे शब्द आपल्याकडून उचलला आणि जिथे त्याची आठवणही नाही तिथे नेऊन वापरला.

त्याच प्रचारात 'बटेंगे तो कटेंगे' आलं, 'व्होट जिहाद' आलं. पहिल्या घोषणेबद्दल अजित पवार आणि पंकजा मुंडे उघड नाराजी बोलून गेले, आपल्या नांदेडचे अशोक चव्हाणही म्हणाले की असल्या घोषणेची गरज नाही. तिघेही सत्तेच्याच बाजूला होते. याचा अर्थ काढताना घाई करू नका. मराठवाड्यात राजकारण केलेल्या माणसाला कळतं की असली घोषणा गावात गेली की ती सभेपुरती राहत नाही.

आता तुम्ही विचाराल, मग आपण 'रझाकार' या शब्दावर बोलायचंच नाही का? माझं मत उलटं आहे. आपण त्यावर इतकं कमी बोललो, म्हणून तो दुसऱ्यांच्या हातात राहिला. आधी आपल्या बाजूचं अवघड बोलू.

कासीम रझवी लातूरचा वकील. त्याच्या रझाकार संघटनेने १९४७-४८ या काळात मराठवाड्यातल्या, बिदर-तेलंगणातल्या खेड्यांवर अत्याचार केले. त्याच्याही आधी, १९४६ साली, बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे यांचा खून झाला. (कोल्हापूरचे कॉम्रेड पानसरे वेगळे, त्यांना २०१५ साली गोळ्या घातल्या. नाव एकच, म्हणून मुलं गोंधळतात.) बिदरकडे गोरटा गावात कत्तल झाली. हे सगळं खरं आहे, आणि ते सांगताना आपला आवाज खाली जायचं कारण नाही. आपल्यापैकी कुणी ते केलेलं नाही.

पण ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात हिंदू विरुद्ध मुसलमान अशी वाटते, ती तशी नव्हती. शोएबउल्ला खान हे नाव इथे किती जणांनी ऐकलं आहे? हात वर करा. चार. चला, चार तरी आहेत. शोएबउल्ला खान हैदराबादच्या 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक होते. वय तिशीच्या आत. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं त्यांचं म्हणणं, आणि काही प्रतिष्ठित मुसलमानांनी काढलेलं त्याच अर्थाचं निवेदन त्यांनी छापलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रझवीने जाहीर सभेत असल्या लोकांचे हात तोडण्याची भाषा केली. थोड्याच दिवसांत, २१ ऑगस्टच्या रात्री, शोएबउल्ला कचेरीतून घरी निघाले असताना त्यांना गाठलं, गोळ्या घातल्या आणि त्यांचा हात तोडला. सभेतला शब्द आणि रस्त्यावरचा वार यांच्यात किती अंतर असतं, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. मारणारे मुसलमानांच्या नावाने बोलत होते आणि मेलेला मुसलमान होता.

मग १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज आली. १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. आपण ज्याला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतो तो हा दिवस. मराठी पुस्तकात 'मुक्ती', आणि आपल्या घरातल्या बुजुर्गांच्या तोंडी 'पुलिस एक्शन'. एकाच आठवड्याची दोन नावं. माझी दादी औशाजवळच्या खेड्यातली. तिला त्या दिवसांबद्दल विचारलं की ती एवढंच म्हणायची, "वो बाताँ नको निकालू, बाबा." दखनीतला हा 'नको' मराठीतूनच आला आहे. त्या पलीकडे तिने कधी काही सांगितलं नाही, आणि आम्हीही फार विचारलं नाही.

ती जे सांगत नव्हती ते एका कागदात लिहिलेलं होतं. पंडित नेहरूंनी १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना हैदराबाद राज्यात पाठवलं. त्यांनी १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. त्यांचा अंदाज असा की फौज आली त्या काळात आणि त्यानंतर राज्यात २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली, बहुतेक मुसलमान. सगळ्यात जास्त झळ चार जिल्ह्यांना: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांत मिळून किमान १८ हजार. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, आपला जिल्हा १९८२ सालचा. लातूर शहराबद्दल अहवालात लिहिलं आहे की मारहाण-कत्तल वीस दिवसांहून जास्त चालली, आणि सुमारे दहा हजार मुस्लिम वस्तीपैकी समितीला जेमतेम तीन हजार माणसं गावात सापडली. हा अहवाल सरकारने छापला नाही. सर्वसामान्य वाचकाला तो पाहायला मिळाला २०१३ च्या सुमाराला, म्हणजे ६५ वर्षांनी.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, ती मी मुद्दाम सांगतो कारण व्हॉट्सअ‍ॅपवर अहवाल फिरवणारे ती गाळतात. एका धंद्यातली माणसं एकमेकांच्या पाठीशी उभी राहिली, असं समितीने नोंदवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, काहींनी त्यात जीव गमावला. पळवून नेलेल्या बायका परत आणायला अनेक हिंदूंनी मदत केली. मागावर शेजारी बसणारा माणूस वाचवायला आला. समितीला हे दिसलं, तिने लिहून ठेवलं.

आणि कासीम रझवी? त्याला शिक्षा झाली, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात गेला. कराचीत वारला. भाषण करणारा निघून गेला. भाषण ऐकून टाळ्या वाजवणारे, भाषणाला न जाणारे, आणि भाषण काय असतं हेही माहीत नसलेले, सगळे लातुरातच राहिले. सोसलं त्यांनी.

आता यानंतर तीन-साडेतीन वर्षांत काय झालं ते बघा. पहिली सार्वत्रिक निवडणूक. देशभर १७ कोटींहून जास्त मतदार, २१ वर्षांवरचा प्रत्येक माणूस, शिकलेला असो नसो. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. लोकशाही इतकी कोवळी की मतदारयादी करताना लाखो बायका स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या, 'अमक्याची बायको' एवढंच सांगायच्या. त्यांची नावं यादीतून गळाली, देशभरात सुमारे २८ लाख. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, कागद त्या पेटीत टाकायचा. बैलजोडीची पेटी लोकांना लांबूनही ओळखू यायची.

हैदराबाद राज्यात ही निवडणूक कोणत्या हवेत झाली? एकीकडे आपल्या जिल्ह्यांत ज्यांनी कत्तल पाहिली ती माणसं, आणि दुसरीकडे रझाकारांनी ज्यांची घरं जाळली ती माणसं. दोघे एकाच गावात, एकाच मतदानाच्या रांगेत. तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा ऑक्टोबर १९५१ पर्यंत चालू होता. तो मागे घेतला आणि काही महिन्यांत तीच माणसं मतं मागायला गावात आली. पक्षावर बंदी म्हणून 'पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट' या नावाने लढले, विधानसभेत ४२ जागा जिंकले. नलगोंड्याचे रवी नारायण रेड्डी लोकसभेला निवडून आले ते खुद्द नेहरूंपेक्षा जास्त मतांनी. बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला लोकांनी मत दिलं.

आणि आपली माणसं? स्वतंत्र मतदारसंघ नव्हता, राखीव जागा नव्हती. औशाचा मुसलमान ज्याला मत देणार त्यालाच औशाचा लिंगायत, मराठा, महार, तेली मत देणार. उमेदवाराला सगळ्यांच्या गल्लीत यावं लागणार. दादीने त्या वेळी मत दिलं, हे तिने मला आनंदाने सांगितलं. १९४८ बद्दल गप्प बसणारी बाई बावन्नबद्दल बोलायची. कुठल्या पेटीत टाकलं ते मात्र शेवटपर्यंत सांगितलं नाही. "गुप्त है ना," म्हणायची. मी पुढे इतक्या वेळा केंद्राध्यक्ष झालो, गुप्त मतदानाचे नियम इतक्या लोकांना समजावले, पण दादीइतका तो नियम कुणी पाळलेला मी पाहिला नाही.

मग हे बिघडलं कधी? एक तारीख नाही. पण मराठवाड्यापुरतं सांगायचं तर १९८८ ची औरंगाबाद महापालिकेची पहिली निवडणूक महत्त्वाची आहे. 'खान हवा की बाण' ही घोषणा त्या शहराच्या निवडणुकांतून सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाली. त्याच वर्षी मे महिन्यात शहरात दंगल झाली. घोषणा चार शब्दांची. तिच्यात पाणी नाही, कचरा नाही, गटार नाही. महापालिका ज्यासाठी असते त्यातलं काहीच नाही. फक्त एक प्रश्न, आणि तो असा रचलेला की उत्तर देताना शेजाऱ्याकडे संशयाने बघावं लागेल.

दुसऱ्या बाजूनेही कमी झालेलं नाही. अकबरुद्दीन ओवेसींचं २०१२ चं '१५ मिनिटां'चं भाषण निर्मलला झालं, नांदेडपासून गाडीने दीड-दोन तासांवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये औरंगाबादच्या प्रचारसभेत, वेळ संपायला १५ मिनिटं उरलीत असं म्हणत त्यांनी परत त्याची आठवण करून दिली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते हैदराबादला परतले. त्यानंतर भाजी मंडईत, कॉलेजात, एसटी स्टँडवर त्या वाक्याचं उत्तर कुणाला द्यावं लागलं? तुम्हाला. मौलाना सज्जाद नोमानी यांनी त्याच निवडणुकीत आघाडीच्या २६९ उमेदवारांची यादी जाहीर केली, आणि भाजपला मत देणाऱ्या मुसलमानांवर बहिष्काराची भाषा केली. नंतर माफी मागितली. पण तोवर 'व्होट जिहाद' म्हणणाऱ्यांना हवं ते मिळालं होतं. मला कुणी विचारलं नाही की माझं मत त्या यादीत का घातलं. तुम्हाला विचारलं होतं?

हा गठ्ठा खरं तर आहे का, तेही तपासा. नांदेड महापालिकेत २०१२ साली एमआयएमचे ११ नगरसेवक निवडून आले. सगळे म्हणाले, बघा, मुसलमान एका बाजूला गेले. २०१७ साली त्याच नांदेडमध्ये एमआयएमला शून्य, आणि काँग्रेसला ८१ पैकी ७३. मोहल्ले तेच, माणसं तीच. पाच वर्षांत त्यांनी आपलं मत बदललं, कारण कुणाचा नगरसेवक काम करतो आणि कुणाचा फक्त बोलतो ते त्यांनी पाहिलं. आम्हाला गठ्ठा म्हणणाऱ्यांना, आतल्यांना आणि बाहेरच्यांना, हे आकडे दाखवा.

थोडं बाहेरचं सांगतो. केनियात डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर अकराशेच्या वर माणसं मारली गेली. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेले लोक. चौकशीत पुढे आलं की स्थानिक भाषांतल्या रेडिओवरून प्रचारकाळात दुसऱ्या जमातीबद्दल गरळ ओकलं जात होतं. एका रेडिओ निवेदकावर आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालला, २०१६ मध्ये पुराव्याअभावी संपला. म्हणजे हिंसा झाली, माणसं मेली, आणि शब्दाची जबाबदारी सिद्ध करता आली नाही. शब्दाचं असंच असतं, तो मागे बोटांचे ठसे ठेवत नाही.

आपल्याकडे कायदा काय सांगतो? लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) प्रमाणे धर्म, जात, भाषा यांच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, सांगितलं की फक्त उमेदवाराचाच नाही, मतदाराचा धर्म पुढे करून मत मागणंही यात येतं. कलम १२५ खाली निवडणुकीच्या निमित्ताने तेढ पसरवली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा. हे शिवसेनेला लागू आहे, भाजपला लागू आहे, आणि जुम्म्याच्या नमाजनंतर उमेदवाराला उभं करून अपील करणाऱ्यांनाही तितकंच लागू आहे. दुसऱ्याच्या सभेचा व्हिडिओ काढताना आपल्या मशिदीचाही काढता येतो, हे विसरू नका.

पण कायद्याची चाल मंद आहे. विलेपार्ल्याची पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ ची. रमेश प्रभूंची निवड उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं डिसेंबर १९९५ मध्ये, आणि त्या प्रचारातल्या भाषणांसाठी बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क काढला गेला १९९९ मध्ये. बारा वर्षं. तेवढ्यात पहिलीतलं पोर बारावीला जातं. म्हणून मी फक्त तक्रारी करा असं सांगत नाही. करा, पण त्यावर विसंबू नका.

आता गावाकडे येतो, कारण तुमच्यातले निम्मे खेड्यातले आहेत. ग्रामपंचायतीत हिंसा वेगळ्या नावाने येते. 'गावाची इज्जत', 'एकोपा', 'बिनविरोध'. मंदिराच्या पारावर नाहीतर चावडीवर बैठक बसते, आणि ठरतं की यंदा निवडणूक नको. ऐकायला छान. पण अर्ज मागे घ्यायला कुणाला सांगतात, ते बघा. बहुतेक वेळा एकट्या घराला. ज्या वस्तीत मतं कमी, ज्या घराकडे जमीन कमी, त्याला. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, या दोन ठिकाणी सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि राज्य निवडणूक आयोगाने तिथली निवडणूक रद्द केली. सापडले ते दोन. न सापडलेले किती, ते तुम्ही तुमच्या तालुक्यात मोजा.

हे नवीन नाही आणि हे फक्त मुसलमानांचं नाही. १९७८ च्या जुलैत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत विधिमंडळात झाला. तो ठराव करणारे सगळे सुखरूप राहिले. त्याची किंमत मोजली बिलोली तालुक्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांनी, त्यांना जाळून मारलं. नांदेड जिल्ह्यातल्या कितीतरी दलित वस्त्या जळाल्या. तिथेही आधी शब्द आले होते, भाषणं झाली होती. म्हणून बिनविरोधच्या बैठकीत जेव्हा बौद्ध वस्तीतल्या पोराला बसवतात, तेव्हा आपण 'आपल्याला काय' म्हणून गप्प बसू नका. पुढच्या वेळी तुमचा नंबर असतो.

महाराष्ट्रात २०१७ पासून सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा लागू आहे. गावकीने, जात पंचायतीने, किंवा आपल्या एखाद्या जमातीने कुणाला वाळीत टाकलं, त्याच्याशी बोलणं, दुकान, मय्यत-लग्न बंद केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. देशात असा कायदा करणारं आपलं राज्य पहिलं. 'त्यांना मत दिलं म्हणून याचं हुक्का-पाणी बंद' असं कुणी म्हणालं, मग तो पाटील असो की मौलाना, हा कायदा दाखवा.

तरुण पोरांना एक कडक गोष्ट सांगतो, राग मानू नका. प्रचाराच्या दिवसांत तुम्हाला गाडीत पेट्रोल मिळतं, गळ्यात पट्टा मिळतो, बिर्याणी मिळते. रॅलीत तुम्ही पुढे असता. दगड आला की तुम्ही पुढेच असता. गुन्हा नोंदला जातो तुमच्यावर, भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ नाहीतर जमावबंदीचं कलम. नेत्याचा वकील नेत्यासाठी असतो. तुमचा खटला आठ वर्षं चालतो, पासपोर्टला कोर्टाची परवानगी लागते, पोलीस भरतीत चारित्र्य पडताळणीला अडकता, आखातातली नोकरी जाते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात एका स्टेटसवरून शहर पेटलं, आठवा. स्टेटस ठेवायला पाच सेकंद लागतात. मी लातूरला अशी तीन-चार पोरं ओळखतो जी तारखेला जाऊन थकली आहेत. शिकवलेली पोरं आहेत माझी. त्यांच्या आया भेटल्या की मला विचारतात, "सर, काही होईल का?" मी काय सांगू?

मग करायचं काय? मला मोठं काही येत नाही, मी केंद्रावरचा माणूस. केंद्रावरचं सांगतो.

आपल्या दोन्ही शहरांच्या महापालिका २०२२ पासून प्रशासकाच्या हातात होत्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महापालिका, झेडपी, नगरपालिका अशा सगळ्या निवडणुका घ्यायला सांगितलं. हे राज्य निवडणूक आयोगाचं काम, दिल्लीच्या नाही, हे आधी समजून घ्या. पण यादी विधानसभेचीच वापरतात. ती आत्ताच पाहा. घरातल्या प्रत्येकाचं नाव, विशेषतः लग्न होऊन आलेल्या मुलींचं. नाव वगळायला फॉर्म ७ असतो, तुमच्या नावावर कुणी तो भरला असेल तर बीएलओ विचारायला येतो, तेव्हा घरात कुणी नसतं आणि नाव जातं. प्रचाराच्या महिन्यात हे कळून उपयोग नाही.

पोलिंग एजंट व्हा. कुठल्या पक्षाचे व्हायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मी नाव घेणार नाही. लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू व्हायच्या दीड तास आधी अभिरूप मतदान होतं, किमान ५० मतं टाकून यंत्र तपासतात. मी इतक्या निवडणुका केल्या, आपल्या वस्तीतल्या केंद्रावर त्या वेळी एजंट हजर नसायचे. आठ वाजता डोळे चोळत यायचे आणि दुपारी 'यंत्रात गडबड आहे' म्हणायचे. मतदान संपल्यावर १७-सी नावाचा फॉर्म असतो, त्यात किती मतं पडली तो आकडा असतो, त्याची प्रत एजंटला मिळते. ती मागून घ्या, खिशात ठेवा, मतमोजणीच्या दिवशी जुळवा. तुमच्या आधीच कुणी तुमच्या नावावर मत टाकून गेलं असेल तर भांडू नका, घरीही जाऊ नका. प्रदत्त मत मागा, म्हणजे टेंडर व्होट. केंद्राध्यक्षाला ते द्यावंच लागतं. बोगस मतदाराला आव्हान द्यायचं असेल तर एजंट दोन रुपये भरून ते देऊ शकतो. दोन रुपये! चहाही येत नाही त्यात.

आणि बूथवर समोरच्या पक्षाचा एजंट बसलेला असतो ना, तुमच्याच गावचा, त्याच्याशी दिवसभर बोलत राहा. डबा एकत्र खा. मी हे पाहिलं आहे की ज्या केंद्रावर एजंट एकत्र जेवतात तिथे संध्याकाळी बाहेरून कुणी येऊन गोंधळ घालू शकत नाही, कारण आतलेच त्याला हाकलतात.

नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीचा निकाल तुम्हाला माहीत आहे, नोव्हेंबर २०२४. दोन्ही उमेदवारांना पाच लाख ऐंशी हजारांच्या वर मतं, आणि फरक १,४५७. इतक्या माणसांना तर मी आयुष्यात शिकवलं असेल. त्या दिवशी कुणी भीतीने, कुणी कंटाळून, कुणी 'आपल्या एका मताने काय होतंय' म्हणून घरी बसले असतील, त्यांची यादी कुणाकडे नाही.

वेळ झाली म्हणतात. दुपारनंतर गटचर्चा आहे, तिथे दोन्ही जिल्ह्यांच्या मुलांनी आपापल्या वॉर्डाची मतदारयादी उघडून बसा, फोनवर दिसते. शोएबउल्ला खान माहीत असलेले चार जण माझ्याकडे या, त्यांना हैदराबादचं आणखी काही वाचायला द्यायचं आहे. आता प्रश्न विचारा. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरुवात करू, त्या मघापासून हात वर करून बसल्या आहेत.